पळकी शीर

मामाने आयुष्यभर एकच वाक्य म्हटलं: "मूऽऽठ आवळा, मुंगी चावेल." आईकडे मीठ मागतानाही सूर तोच.

तो रक्त काढायचा. एचआयव्हीला नुकतंच नाव मिळालं होतं, तेव्हा दवाखान्याच्या मागच्या खोलीत पाहणी सुरू झाली. पुरुषांशी संबंध असणाऱ्या पुरुषांपैकी किती जणांना लागण झालीय आणि कशामुळे, हे शोधायचं होतं. मामा आधी प्रश्न विचारायचा, मग सुई टोचायचा. येणारा आधी दाराकडे बघायचा, मग खिडकीकडे, मग मामाच्या पेनाकडे.

नाव विचारायचं नाही. आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि आपली जन्मतारीख, एवढीच खूण. पंधरा दिवसांनी तीच सांगून निकाल न्यायचा.

एक शिंपी आला. (कुठल्या दुकानातला, ते मामा आजही सांगत नाही. आई तेव्हापासून सगळ्याच शिंप्यांना संशयाने माप देते.)

"यादी पोलिसांकडे जाते ना?"

"नाही हो."

"मग डॉक्टरांच्या साडूकडे?"

"डॉक्टरांना साडूच नाही."

"तुम्हाला बरं ठाऊक!"

त्याने खूण सांगितली. अर्थातच खोटी.

पंधरा दिवसांनी आला, तोवर स्वतःचीच थाप विसरला होता. "म, सात तारीख." कागद नाही. "सतरा?" नाही. "गायब केलात ना!"

"बाही वर करा पाहू," मामा म्हणाला.

सुई दिसताच बाजूला सरकणारी शीर! तशी एकच होती. मामानेच एका कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: 'डावा हात, शीर पळकी.' त्या कागदावरचा निकाल होता, लागण झालीय.

"शिरेच्या भरवशावर निकाल देता येत नाही. खरी खूण सांगा, पुन्हा रक्त घेऊ."

"म्हणजे ओळखता मला!" शिंपी ताडकन उठला.

"घरी कोणी आहे?"

दाराच्या कडीवरचा हात थांबला. "आहे एकजण. माझ्यामुळे त्याला काही झालं तर..."

मामाने त्याच्यादेखत कोपऱ्यातली ओळ खोडली, वाचता येऊ नये इतकी. शिंपी ते बघत राहिला. मग म्हणाला, "तुमचा उजवा खांदा बोटभर खाली आहे. पहिल्याच दिवशी दिसला. मी गिऱ्हाइकं खांद्यांवरून ओळखतो."

"मग?"

"मग काय! बोललो कुणाला?"

पुन्हा एकदा दाराकडे बघून तो बसला. बाही स्वतःच वर केली.

"आई 'ग'. तारीख चोवीस. ही खरी." मामाने तोंड उघडलं, तसा म्हणाला, "टोचा. मुंगीचं राहू द्या."