मेलेल्या माणसाचं काम

मरण्यात रुझार बार्रेटोचा हात धरणारा आमच्या अख्ख्या सासष्टीत कोणी नाही. आपल्याच सिनेमांत तो दारू पिऊन मेला, खाडीत बुडून मेला, सख्ख्या भावाच्या कोयत्याने मेला, आणि बहुतेक वेळा त्याची विधवा मी झाले. माझा खरा नवरा दुकानाच्या पायरीवर बसून दर वेळी विचारायचा, "आज कुठल्या घोवाला पुरून आलीस?"

मी पियेदाद. शिंपीण. गावातल्या नवऱ्यामुलींचे झगे शिवते, आणि रुझारने सिनेमा काढला की त्याचे कपडेही शिवते. रडायचं काम असलं की बोलावणं मलाच येतं. मला अभिनय येतो असं मुळीच नाही. रडू मात्र पटकन येतं, आणि रुझारला तेवढं पुरतं.

तो आधी तियात्रांत, म्हणजे आमच्या कोंकणी नाटकांत, पोलीस व्हायचा. दोन वाक्यं बोलायची आणि चोराला ओढत न्यायचं. पुढे बोटीवर वाढप्याची नोकरी करून घरी आला तो कॅमेरा घेऊनच. बाकीचे तारवटी बोटीवरच्या पैशांतून घर बांधतात, हा सिनेमा बांधायला बसला. लिहायचा हा, दिग्दर्शन याचं, मुख्य कामही हाच करायचा. मी एकदा म्हटलं, "दुसरा कोणी मिळत नाही का रे तुला?" तर म्हणे, "मी वेळेवर येतो, पैसे मागत नाही आणि मला काँट्रॅक्ट येत नाही."

ते खरंच होतं. आमच्याकडे हिरो म्हणजे सुट्टीवर आलेला बोटीवरचा मुलगा. अर्धा सिनेमा झाला की त्याला कंपनीचा फोन यायचा आणि तो निघून जायचा. मग सिनेमात हिरोचा चेहरा भाजायचा, आणि तोंडभर पट्ट्या बांधून रुझार स्वतः उरलेला हिरो व्हायचा. लोक चर्चच्या हॉलमध्ये शिट्ट्या मारायचे, कारण तोंडावरच्या पट्ट्यांनी पोट कसं लपणार? तरी बघायला यायचे. चर्चच्या फेस्ताला जत्रा भरायची, तिथे त्याच्या सीडी खाज्यांच्या शेजारी विकल्या जायच्या, आणि कुवेतला जाणारा प्रत्येक जण एक तरी बॅगेत टाकायचा.

हे सगळं चाललं ते लूर्दीनच्या जिवावर. लूर्दीन म्हणजे त्याची बायको. शूटिंगच्या रविवारी सकाळची चर्चची मिस आटोपून आली की ती पन्नास माणसांचं सोरपोटेल आणि सान्नां करायला घ्यायची. तोंडाने रुझारला शिव्या आणि हाताने वाढणं. मुलगा एल्रॉय लहानपणी बापाच्या प्रत्येक सिनेमात होता. हरवलेला मुलगा, आंधळा मुलगा, जत्रेत सापडलेला मुलगा. बापाला पापा म्हणून हाक मारायचा ती सिनेमातली कुठली आणि घरातली कुठली, कळायचं नाही.

रुझारचा एक नियम होता. शूटिंग सुरू झालं की सगळ्यांचे फोन माझ्या वेताच्या टोपलीत, बंद करून. स्वतःचासुद्धा. मधेच घंटी वाजली की त्याचं डोकं फिरायचं. लूर्दीनला ज्या दिवशी छातीत कळ आली त्या दिवशी तो तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून दारुड्याचं काम करत होता आणि सगळ्या गावाचे फोन टोपलीत होते. एल्रॉय तिला एकटाच मडगावच्या इस्पितळात घेऊन गेला. रुझार पोचला तो ओल्या फाटक्या शर्टात, गालावर खोटी जखम घेऊन. तेव्हा ती गेली होती. एल्रॉयने बापाकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आता ममाला सांग, परत घेऊया. दुसरा टेक."

तिच्या महिन्याची प्रार्थना झाल्यावर एल्रॉय कुवेतला गेला. त्यानंतर बापाचा एक फोन त्याने उचलला नाही. बापासाठी पैसे पाठवायचा, ते माझ्या नवऱ्याच्या हाती. रुझार दर रविवारी मिस सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवरून फोन लावायचा, वाजू द्यायचा आणि खिशात ठेवायचा. चार वर्षांची चार फेस्तं अशीच गेली. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची, आणि दोन्हींचा उपयोग शून्य.

मग त्याने हा सिनेमा लिहिला. बाप मरतो, मुलगा परदेशात. आमच्याकडे मुलं आल्याशिवाय माणसाला मातीत घालत नाहीत, मयत शवागारात वाट बघत राहतं. तसाच हाही बाप वाट बघतो. शेवटी मुलगा येतो आणि पेटीपाशी बापाशी बोलतो. बस, एवढीच गोष्ट. मुलाचं काम रुझारने एल्रॉयसाठी लिहिलं होतं. त्याने सगळी गोष्ट फोनवर रेकॉर्ड करून पाठवली, दबक्या आवाजात. उत्तर आलं नाही. महिनाभर थांबून त्याने मडगावचा एक मुलगा घेतला, स्टीव्ह नावाचा. लग्नांत सूत्रसंचालन करायचा. दिसायला बरा, पण रडायला सांगितलं की शिंक येत असल्यासारखा चेहरा करायचा.

मयताचं शूटिंग शनिवार-रविवार रुझारच्याच घरात ठेवलं. विगारांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, चर्चची घंटा द्यायला नकार दिला, ते बरंच झालं. पेटी खरी, फुलं खरी, बँडवाले खरे, गावातली माणसं खऱ्या मयताचे काळे कपडे घालून आलेली. रुझारला मी त्याच्या लग्नाचा कोट घातला, मागून उसवून, कारण पुढून बटणं लागेनात. तोंडाला पांढरी पावडर, हातांत तेर्साची, जपाची माळ. पेटीत आडवा झाला आणि म्हणाला, "पियेदाद, कसा दिसतो?" मी म्हटलं, "जिवंतपणी यापेक्षा वाईट दिसतोस. आता गप्प पड."

फोन टोपलीत होते. पण पेटी उचलणाऱ्यांतला दुमिंग दोन फोन बाळगतो हे मला काय ठाऊक? शनिवारी संध्याकाळी त्याने रुझारचा पेटीतला फोटो काढून गावच्या ग्रूपवर टाकला, खाली रडणारे चेहरे. त्याला वाटलं लोकांना गंमत कळेल. गावातल्या लोकांना कळली, कारण ते तिथेच उभे होते. कुवेतला मात्र, हे आम्हाला मागाहून कळलं, पटापट मेणबत्त्या आणि श्रद्धांजल्या सुरू झाल्या. एल्रॉय त्या ग्रूपमध्ये नव्हताच. त्याच्या खोलीतल्या मुलाने त्याला जागं करून फोटो दाखवला. त्याने बापाला फोन लावला. बंद. मला लावला. बंद. माझ्या नवऱ्याला लावला, तर तोही माझ्या टोपलीतच, कारण त्या दिवशी त्यालासुद्धा काळा कोट घालून उभं केलं होतं. रात्री बंद फोन तसेच परत घेऊन आम्ही दमून झोपलो. ते चालू करून कोणी बघितले नाहीत, आणि सकाळी शूटिंगला ते पुन्हा टोपलीत.

रविवारी मुलाच्या येण्याचा शॉट होता. फ्रँकीने, म्हणजे आमच्या कॅमेरावाल्याने, कॅमेरा दाराकडे तोंड करून लावला. स्टीव्हला उशीर झाला होता, रुझार पेटीतून त्याला शिव्या घालत होता. इतक्यात बाहेरून कोणीतरी ओरडलं की टॅक्सी आली. रुझारने फ्रँकीला सुरू कर म्हणून सांगितलं आणि डोळे मिटले. मी उशाशी गुडघ्यांवर बसले आणि रडायला लागले.

दारातून एल्रॉय आत आला.

अंगावर कंपनीचा निळा डगला, कामावरून उठून आल्यासारखा. हातात काही नव्हतं. त्याला कोणी अडवलं नाही, कारण कोणाला सुचलंच नाही. तो सरळ पेटीपाशी आला आणि गुडघ्यांवर बसला.

"पापा," तो म्हणाला. "पापा, मी आलो." पुढे तो जे बोलला ते मी सगळं इथे सांगणार नाही, ते माझं नाही. फोन वाजायचा तेव्हा हातात धरून बसायचो, म्हणाला. ममाच्या वेळी जे बोललो ते परत घेतो, म्हणाला. उद्या उचलीन, पुढच्या रविवारी उचलीन, असं म्हणत राहिलो, म्हणाला.

रुझारच्या पापण्या थरथरत होत्या. मी जवळ होते, मला दिसत होतं. माझ्या काळ्या ओढणीआडून मी त्याचा दंड धरला आणि असा चिमटा काढला की मेलेला उठावा. तो उठला नाही. स्टीव्ह समजून डोळे मिटले हे ठीक, पण पहिल्या हाकेलाच त्याला कळलं होतं. तरी पडून राहिला.

एल्रॉयने वाकून बापाच्या कपाळावर गाल टेकला. कपाळ घामाने भिजलेलं आणि गरम होतं. तो हळूच मागे झाला. त्याच्या गालाला पावडर लागली होती. त्याने माझ्याकडे बघितलं, मग वर, आणि त्याला कॅमेरा दिसला.

तो उठून बाहेर गेला. तेव्हा रुझार उठला. पेटीतून उतरताना त्याचा पाय अडकला, फुलं सांडली, पाठ उसवलेला कोट तसाच लोंबत होता. फाटकाजवळ त्याने मुलाला गाठलं. मी मागोमाग धावले, निदान मधे पडावं म्हणून.

"तू ऐकत होतास?" एल्रॉयने विचारलं.

"होय."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग उठला का नाहीस?"

रुझार खोटं बोलू शकला असता. जन्मभर तेच केलं त्याने, आणि लोकांनी तिकिटं काढून बघितलं. पण त्या दिवशी म्हणाला, "उठलो असतो तर तू गप्प झाला असतास, पुता."

एल्रॉयने हात पुढे केला. "कार्ड दे."

फ्रँकी कॅमेरा पोटाशी धरून उभा होता. रुझारबाब, असा शॉट जन्मात परत मिळणार नाही, असं तो म्हणत होता, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. रुझारने त्याच्या हातून कॅमेरा घेतला, स्वतः कार्ड काढलं आणि मुलाच्या तळहातावर ठेवलं. मला वाटलं, आता हा मुलगा विरघळेल. मी मनात सायबिणीला, देवमातेला नवस बोलून टाकला. एल्रॉयने कार्ड डगल्याच्या खिशात टाकलं, टॅक्सीत बसला आणि काच वर केली. टॅक्सीवाला आमच्याच गावचा, तो बिचारा आमच्याकडे बघत राहिला. मग त्यालाही गाडी चालू करावी लागली.

रुझारने सिनेमा सोडला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा पेटी आणली, पुन्हा फुलं. स्टीव्ह या वेळी लवकर आला होता आणि खरंच मन लावून काम करत होता. तो दारातून आला, गुडघ्यांवर बसला आणि "पापा" म्हणाला. रुझारचे डोळे उघडले.

परत घेतलं. पुन्हा उघडले. फ्रँकी म्हणाला, पापण्यांवर डिंकाचं बोट लावू. तेही लावलं, ओढून लाल झाल्या आणि उघडल्या. फ्रँकीने पेटीचं झाकण लावायचं सुचवलं, तर झाकणावर कोण रडतं, म्हणून रुझार त्याच्यावरच ओरडला. बँडवाले पेज जेवून आले, तरी आम्ही तिथेच होतो. माणसं एकेक करून काळे कोट काढून घरी निघाली. इतक्या वेळा मेलेला माणूस, आणि त्याला मेल्यासारखं पडता येईना. तो कोणावर चिडतही नव्हता. नुसता विचारायचा, "उघडले का?" आणि फ्रँकी म्हणायचा, "उघडले, रुझारबाब."

शेवटी मीच उपाय काढला. विधवा नवऱ्याच्या डोळ्यांवर हात ठेवते, त्यात काही वावगं नाही. मी त्याच्या डोळ्यांवर तळहात ठेवला आणि स्टीव्हला ये म्हणून खूण केली. स्टीव्हने दारातूनच हाक मारली. माझ्या हाताखाली पापण्या फडफडल्या, हात ओला झाला.

"पियेदाद," पेटीतून रुझार हळूच म्हणाला, "हात काढ. कोण आलंय बघू दे."

मी हात काढला. स्टीव्ह होता.