आक्काच्या खिडकीतला पांगारा

आक्काचं जितंजागतं झाड मी तोडलं, आणि वर तिच्याशी खोटं बोललो.

आज तिला जाऊन वर्ष झालं. आता तरी लिहितो.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, कोरेगावची. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हापासून तिचं जग म्हणजे कॉट आणि कॉटजवळची खिडकी.

"बाळू, थंडीत भाईर बघाय कायतरी लाव की रं. भिंत बघून डोळं शिणलं."

मी रिटायर झाल्यावर यूट्यूबवर बागकाम शिकलेला माणूस. साताऱ्यात आमच्या बागप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळे मलाच विचारतात. लगेच लिस्ट केली. दिवाळीनंतर फुलणारा कांचन, मग कोरांटी, जानेवारीत फुलणारी संक्रांतवेल. सगळं लावून दिलं.

कुंपणाला एक पांगारा होता. आक्कानंच कधीतरी खोचलेली फांदी. पौषात गेलो तर अंगावर एक पान नाही, नुसते काटे. ग्रुपवर टाकायच्या माझ्या फोटोंची पार शोभा घालवत होता.

"आक्का, हे वठलंय. काढतो."

"शिमग्यापतोर थांब की. फुलं आली म्हंजी साळुंक्या येत्यात."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

हे मी बोललो. तिला.

भाचा तिला डोळे तपासायला घेऊन गेला, तेवढ्यात करवत चालवली.

झाड मेलं म्हणण्याआधी सालीला नख लावून बघा, असं अख्ख्या ग्रुपला सांगणारा मी. त्या दिवशी नख लावलंच नाही.

बुंधा आतून ओला. हिरवागार.

घाबरलो. फांद्या तोडून बंबात कोंबल्या.

ती आली तेव्हा अंगणभर धूर.

"आतनं पोखरलं होतं गं," मी म्हणालो.

ती खोकली, हसली.

"वठल्यालं लाकूड एवढं धुरतंय व्हय रं?"

मी बंबाकडे वळून राख सारायला लागलो.

"ऱ्हाऊ दे. हात धू, चा घे."

शिमग्याला साळुंक्या आल्या. भिंतीवर बसल्या, इकडंतिकडं बघितलं, गेल्या. आक्का खिडकीतून बघत होती. मी शेजारीच होतो. तेव्हाही "चुकलो" म्हणालो नाही.

पुढची थंडी सरायच्या आत ती गेली.

या पावसाळ्यात एका शेताच्या बांधावरून पांगाऱ्याची फांदी मागून आणली, त्याच जागी खोचली. आता पानं झडलीत. सकाळी भाचा म्हणाला, "मामा, गेलं वाटतं हे. काढू का?"

आक्का, यावेळी नख लावून बघितलं.

हिरवं हाय.

चुकलो गं. तुझ्या खिडकीखाली उभा राहून नमस्कार करतो.

— तुझा बाळू