सावकाश होऊ द्या

आमच्या घरात सगळे कंपनीच्या वेगाने जेवतात. मी चाकणला एका कंपनीत, हे दुसऱ्या कंपनीत. जेवणाची सुट्टी दोघांनाही अर्धा तास. त्यात हात धुवायची रांग, ताटाची रांग आणि भोंग्याच्या आत पुन्हा मशीनवर हजर. ही सवय इतकी अंगात मुरली की रविवारीसुद्धा संत तुकाराम नगरच्या आमच्या घरात जेवणं झटक्यात उरकायची. अपवाद एकच, माझ्या सासूबाई. त्यांचे वरचे दात सगळे गेलेले, खालचे मोजकेच राहिलेले. कवळी एकदाच घातली आणि "ह्यो काय घोड्याचा लगाम," म्हणून डबीत टाकून दिली. आमची भांडी घासून व्हायची तरी त्या आपल्या भाकरीच्या दुसऱ्या चतकोरावर. "आई, आवरा की हो आता," असं मी किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे.

मग माझं ऑपरेशन झालं. वजनापायी नुसते हाल चालले होते. शुगर होती, गुडघे बोलायचे, कंपनीच्या बसची पायरी चढले की दारातच उभं राहून दम घ्यावा लागायचा. सगळे उपाय करून थकले तेव्हा डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग काढून टाकायचं ऑपरेशन सुचवलं. उरलेलं जठर केळ्याएवढं राहील, म्हणाले. मी घाबरट बाई नाही. बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत शिफ्ट केलेली आहे. पण सही घेण्याआधी डॉक्टर सगळे धोके सांगतात ना, त्यात एक शब्द आला. शिवलेल्या जागेतून क्वचित लीक होऊ शकतो, असं म्हणून ते पुढच्या मुद्द्यावर गेले. मी तिथेच अडकले.

कारण लीक म्हणजे माझं रोजचं काम. कंपनीत मी लीक टेस्टिंगवर आहे. पार्टची तोंडं बंद करायची, आत हवा भरायची, पाण्याच्या टाकीत बुडवायचा आणि डोळ्यांत तेल घालून बघत राहायचं. एक बुडबुडा दिसला की पीस लाल ट्रेमध्ये. तिथे दयामाया नाही. आणि आता माझ्याच पोटात एक लांबलचक जोड बसणार होता, तो काही पाण्यात बुडवून बघता येणार नव्हता.

ऑपरेशन अगदी छान पार पडलं. घरी सोडताना आहाराच्या मॅडम आल्या. पोरसवदा, पण गोड बोलणारी बाई. त्यांनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं, "आजी, आता काही दिवस यांना फक्त पातळ द्यायचं. पातळाशिवाय काही नाही."

"पातळ व्हय?" सासूबाईंचा चेहरा खुलला. "करते की. पातळात माजा हात कुनी धरनार न्हाई."

तुम्हाला कळलं असेल काय झालं ते. मला तेव्हा कळलं नाही. दोन-चार दिवस सूप आणि ताकावर काढल्यावर एका दुपारी स्वयंपाकघरातून असा काही वास आला की माझे डोळेच भरून आले. अळूची पातळ भाजी. हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, मुळ्याच्या फोडी, वरून लसणाची फोडणी. "आज घावलं अळू. बाईनं सांगितलंय तसंच केलंय बग, पातळ," म्हणत त्यांनी वाटी हातात दिली. मॅडम म्हणाल्या होत्या ते प्यायचं पातळ, आणि आमच्याकडे पातळ म्हणजे हीच भाजी. माझी अक्कलही तेव्हा गहाण पडली होती. मी खाल्ली. तीही कंपनीच्या वेगाने.

पुढचं काय सांगू! छातीच्या मधोमध दगड बसल्यासारखं झालं. कळा, उलट्या, घाम. माझ्या डोळ्यांपुढे टाकीतले बुडबुडे. ह्यांनी रिक्षात घालून मला हॉस्पिटलला नेलं आणि सासूबाई दारात उभ्या, हातात ती रिकामी वाटी तशीच.

डॉक्टरांनी मला एक औषध प्यायला देऊन एक्स-रेच्या पडद्यावर दाखवलं. ते औषध सरळ खाली उतरत होतं. कुठे एक थेंब बाहेर नाही. "ही तुमच्याच कंपनीतली टेस्ट समजा," ते हसून म्हणाले. "ऑपरेशनच्या टेबलावरही आम्ही ती केली होती. सगळं घट्ट आहे. मात्र पुन्हा असला प्रयोग नको." म्हणजे पीस ओके. माझ्या टेबलावर असता तर मी डोळे झाकून हिरवा शिक्का मारला असता. पण भीतीला कुठला शिक्का कळतो? ती जी बसली ती बसलीच.

पातळाचे दिवस संपले, मऊ खायचे दिवस आले, आणि मी खाईना. चमचा ओठांपर्यंत आला की घसा आपोआप मिटायचा. मग मी एक युक्ती काढली. वाटीतलं इकडचं तिकडे करायचं आणि म्हणायचं, "पोट भरलं." ऑपरेशन झालेल्या बाईला यावर कोण काय बोलणार? वजन तर धडाधड उतरत होतं, सोसायटीतल्या बायका तोंडभरून कौतुक करत होत्या. इकडे उभी राहिले की चक्कर, हातापायांना मुंग्या, आणि केस विंचरायला घेतले की फणी भरून यायची.

आणि सासूबाई? त्यांनी माझ्यासाठी काही करणंच सोडून दिलं. घरादाराचा स्वयंपाक करायच्या, पण माझी वाटी आली की ह्यांना हाक मारायच्या. "तूच दे बाबा. माज्या हातचं नगं." माझ्यासमोर जेवायलाही बसेनात. मी खायला घाबरलेली, त्या खाऊ घालायला घाबरलेल्या, आणि मधल्या मधे ह्यांचे हाल. कुकर कसा लावतात हे त्या माणसाला लग्नानंतर तेव्हा पहिल्यांदा कळलं. बिचाऱ्याने कुरकुर न करता केलं सगळं, हे सांगायलाच हवं.

तपासणीला गेले तर डॉक्टर चिडले. एरवी शांत माणूस. "जोड कधीच भरून आला, ताई. आता धोका खाण्याचा नाही, न खाण्याचा आहे. अंगात प्रथिनं नाहीत, जीवनसत्त्वं नाहीत. हे असंच चाललं तर नसांवर परिणाम होईल आणि चालायला त्रास व्हायला लागेल. दहा दिवस बघतो, नाहीतर पुन्हा ॲडमिट." त्यांनी इंजेक्शन लिहून दिलं आणि मला आहाराच्या मॅडमकडे पाठवलं.

मॅडमने एकच विचारलं, "घरी स्वयंपाक कोण करतं?" सासूबाई बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या. त्यांना आत बोलावलं तर त्या उंबऱ्यातच थांबल्या आणि एकदम रडायला लागल्या. "म्या हिला मारलीच असती ओ. पातळ म्हनला तुमी, म्या आपलं पातळ केलं."

मॅडमने उठून त्यांचा हात धरला. "आजी, चूक माझी आहे. मी प्यायचं म्हणायला हवं होतं. तुमच्या भाजीने काही बिघडलं नाही. तुमच्या सुनेने ती भराभर खाल्ली, न चावता, ती अडकली आणि बाहेर आली. एवढंच झालं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अडकणं वेगळं आणि फाटणं वेगळं. लहान घास घ्या, चमचा खाली ठेवा, तोंडातलं पार मऊ होईपर्यंत चावा, मग पुढचा. जेवताना पाणी नको. आणि भरल्यासारखं वाटलं की तिथेच थांबा, ताटात राहिलं तरी राहू दे. तुमच्या घरात सावकाश कोण जेवतं?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे. आणि इतक्या दिवसांनी आम्हाला दोघींना हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघीच जेवायला बसलो. समोर मुगाचं मऊ वरण आणि कुस्करलेलं पनीर, दोघींना सारखंच. त्यांनी बोटाएवढा घास तोंडात घेतला आणि त्यांचं ते हिरड्यांचं दळण सुरू झालं. मॅडमने मला सांगितलं होतं, त्या गिळतील तेव्हाच गिळायचं. मी पहिला घास तोंडात ठेवला आणि घसा मिटला. नेहमीसारखाच. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या चावतायत, चावतायत, मधेच खिडकीतून खालच्या भाजीवाल्याकडे बघतायत, परत चावतायत. काही घाई नाही बाईला. तेवढ्या वेळात माझ्या तोंडातल्या घासाचं पाणी झालं आणि तो केव्हा उतरला मला समजलंसुद्धा नाही. मी छातीवर हात ठेवून बसले. कळ आली नाही.

"गेला?" त्यांनी विचारलं.

"गेला."

"मग बस. म्या हाय हितं."

अहो, ही बाई रोज अशीच जेवत होती आणि रोज आम्ही तिला एकटीला सोडून उठत होतो! त्या दिवसापासून आमची दोघींची पंगत ठरली. आधी मुगाचं वरण, मग अंड्याची भुर्जी, मग दह्यातली मऊ भाकरी. कधी घास अडल्यासारखा वाटायचा, मी घाबरीघुबरी व्हायचे. त्या म्हणायच्या, "थांब जरा. वाईच चाल." घरातल्या घरात दोन फेऱ्या मारल्या की उतरायचा. त्या परत माझ्यासाठी गॅसपुढे उभ्या राहिल्या, माझ्या मुंग्या गेल्या, आणि डॉक्टरांनी ॲडमिटचं नाव काढलं नाही. मी परत ड्युटीवर गेले. सुपरवायझरला सरळ सांगून टाकलं की मला सुट्टी दोन तुकड्यांत लागेल. तो म्हणाला, "चालेल की ताई." मी उगाच भांडायची तयारी करून गेले होते.

राहिली होती ती चार माणसांतली भीती. परवा चाकणकडेच नात्यातलं लग्न होतं. हल्ली सगळीकडे बुफे, पण ह्या लोकांनी हौसेने पंगत ठेवलेली. आमच्याकडच्या पंगतीची रीत अशी, की यजमान हात जोडून "सावकाश होऊ द्या मंडळी" म्हणत फिरतो आणि त्याच वेळी पुढच्या पंगतीचं माणूस तुमची खुर्ची धरून पाठीशी उभं असतं. मीही आयुष्यभर तशा खुर्च्या धरल्यात. मी भातावर थोडं वरण घेतलं, मटकीची उसळ घेतली, पर्समधून माझा छोटा चमचा काढला. शेजारी सासूबाई. आजूबाजूची ताटं बघता बघता रिकामी झाली, रांग उठली, आणि आम्ही दोघीच चावत राहिलो.

"झालं का हो ताई?" मागच्या बाईने खुर्ची हलवली.

झालं, माझा घसा मिटायला लागला. जुनी सवय म्हणाली, घाल पटापट तोंडात आणि ऊठ. भीती म्हणाली, पोट भरलं म्हण आणि ऊठ. सासूबाईंनी तोंडातला घास न संपवताच मान वळवली. "बाई, तुजी खुर्ची कुटं पळून जात न्हाई. लेक जेवतीय माजी."

सून म्हणाल्या नाहीत त्या. मी मान खाली घातली आणि सावकाश, अगदी त्यांच्या चालीने, तो घास खाल्ला. पुढचाही खाल्ला. मग आतून हळूच कळलं की आता पुरे. चमचा खाली ठेवला.

"पोट भरलं?" त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. माझं खोटं त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

"भरलं, आई. खरंच भरलं."

त्यांची खात्री पटली. माझ्या ताटात उरलेला भात त्यांनी स्वतःच्या ताटात ओढून घेतला. सुनेचं उष्टं! मी "अहो आई" म्हणेपर्यंत त्यांचं चावणं सुरूसुद्धा झालं होतं. मागच्या बाईला वाटलं आम्ही आता उठणार, तिने पुन्हा खुर्चीला हात घातला. मी खुर्ची टेबलाजवळ ओढली, नीट टेकून बसले आणि तिला म्हटलं, "आमच्या आईंचं अजून व्हायचंय, ताई. सावकाश होऊ द्या."