अवजारांच्या खोलीतली बदकं

माझी आत्या तळ्याच्या बागेत माळीण होती. पण तिचा जीव झाडांपेक्षा तळ्यातल्या बदकांवर, म्हणून सगळे तिला बदकवालीच म्हणायचे. एकदा हिवाळ्याच्या तोंडावर रानपक्ष्यांत साथ पसरली आणि हुकूम निघाला: पाळीव पक्षी उघड्यावर ठेवायचे नाहीत.

"कुणाला तरी देऊन टाकू," बागेचे साहेब म्हणाले. "बदकं काय, बंद खोलीत जगतात होय?"

"साहेब, अवजारांची खोली द्या. जगवून दाखवते."

साहेब हसले, पण नाही म्हणाले नाहीत. कुदळी-फावडी व्हरांड्यात गेली, बदकं आत आली. आत्या सिमेंटची जमीन रोज घासून लख्ख करायची, पाणी परातीत द्यायची, लोकांनी आणून दिलेला पाव लाडाने भरवायची. आणि तरी बदकं मलूल होत गेली. तळपाय सुजले, मधोमध काळी खपली धरली. डोळे चिकटले, पिसं विस्कटली. ढोली नावाची जाडजूड बदकीण तर बसली ती उठेचना. आत्याच्या तोंडचं पाणी पळालं.

जनावरांची डॉक्टरीण आली. तिने ढोलीचा पाय उलटून पाहिला, मग जमिनीवर हात फिरवला.

"मावशी, औषध मी देते. पण या जमिनीवर दिवसभर अनवाणी उभ्या राहाल का तुम्ही?"

"छे हो! टाचांची वाट लागेल."

"मग यांचीही तीच गत. आणि परातीत नुसती चोच भिजते. अख्खं डोकं बुडालं नाही तर डोळे धुणार कसे? पाव तर बंदच करा. पोट भरतं, अंगी काही लागत नाही."

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. मग कंबर कसली.

आतोबा सुतार. रंधा मारताना निघणारी लाकडाची सालपटं आत्या पोती भरभरून नेऊ लागली.

"दुकान तेवढं ठेव मला," आतोबा म्हणाले.

"ठेवते. आधी आणखी एक पोतं भरा."

जुन्या रबरी चटया, त्यांवर सालपटांचा जाड थर. ओल दिसली की तेवढी जागा उपसून कोरडी सालपटं, कारण ओलीतून उठणारा उग्र दर्प पाखरांच्या छातीत बसतो. कोपऱ्यात बसायला टाकलेला, बुरशी धरलेला पेंढा बाहेर गेला. खोल बादली जाळीच्या चौकटीवर ठेवली, खाली घमेलं, म्हणजे सांडलेलं पाणी पसरणार नाही. थंडीसाठी खिडकीवर टांगलेली पोती निघाली, ऊन आत आलं. बदकांच्या दाण्यात पायांच्या बळासाठी खमिराची पूड आणि चिरलेला पाला, अंघोळीला टब. शाळेतल्या बाई पोरांची नखं बघतात तशी आत्या एकेकाला काखेत धरून तळपाय तपासायची. ढोलीच्या पायाला औषध लावून मऊ कापडाची पिशवी शिवून घातली होती. ती पिशवी ढोलीला मुळीच पसंत नव्हती. ती आत्याच्या बाहीला चोची मारायची.

"मार बाई, मार," आत्या म्हणायची. "निदान अंगात जोर आहे!"

आणि एका सकाळी ढोली उठली. डुलत डुलत बादलीपाशी गेली, मानेपर्यंत डोकं बुडवलं, आणि असं झटकलं की आत्या नखशिखांत भिजली. तशीच ओली ती व्हरांड्यात धावली. "उठली! अहो, उठली माझी ढोली!"

साथ ओसरली, हुकूम मागे घेतला गेला. त्या दिवशी साहेब स्वतः आले, आतोबा दुकान बंद करून आले, फिरायला आलेले लोक वाटेच्या दोन्ही बाजूंना थांबले. आत्याने दार उघडलं.

आधी ढोली. मग बाकीची सगळी, पिसं चकचकीत, डोळे लखलखीत, आपापल्या पायांनी. बागेच्या वाटेवरून कलकलाट करत मिरवणूक निघाली, आणि तळं दिसताच सगळ्यांनी एकदम धूम ठोकली. पाणी फाटल्यासारखं उसळलं. काठावरच्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"मावशी, हरलो मी," साहेब म्हणाले.

"हरलात कसले? खोली तुमचीच की!"

मग साहेबांना तिथेच सोडून ती पाण्यापर्यंत पळत गेली, बोट नाचवत मोजून आली आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "एकही कमी नाही!"