पंधरा सह्या आणि एक प्रश्न

कला शाखेच्या तळमजल्यावरच्या सभागृहाचे शिपाई म्हणजे मामा. कुणाचे मामा, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. बावीस वर्षं ते सभागृह उघडत होते आणि बंद करत होते, आणि मधल्या वेळात शेवटच्या रांगेत खांबाला टेकून बसत होते. त्या खुर्चीचा एक हात निखळला होता. तो त्यांनी स्वतःच काढून ठेवला होता, म्हणजे दुसरं कुणी तिथे बसत नसे.

सभागृह जास्त करून पदव्युत्तर विद्यार्थी मंडळाच्या ताब्यात असे. प्रबंध लिहिणारी मुलं दर पंधरवड्याला जमत आणि एकमेकांना पेपर वाचून दाखवत. मंडळाचे नियम दोनच. पंधरा सह्या झाल्या नाहीत तर सभा धरायची नाही. आणि पेपरवर निदान एक प्रश्न आला नाही तर पेपर वाचला असं धरायचं नाही. दोन पेपर धरले गेल्याशिवाय प्रबंध घेत नाहीत. हे नियम ज्या कुणी केले त्याला श्रोते ही काय चीज असते ते ठाऊक नसणार, कारण पंधरा माणसं काही येत नसत. सात येत, नऊ येत, आणि त्यांतली दोन चहासाठी.

तर रजिस्टर मामांकडे असे, पेन मामांकडे असे, आणि दर वेळी पंधरा सह्या होत. मुलांना वाटे, नंतर कुणी कुणी येऊन करून जात असेल. कुणी खोलात शिरलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

प्रश्नाचंही तसंच. पेपर संपला की सगळे मूग गिळून बसत. मग मामा हात वर करत आणि विचारत, “हे सगळं तेव्हाच्या साध्या माणसाला ठाऊक होतं का?” हा प्रश्न मडक्यांच्या नक्षीवर चाले, जुन्या नाटकांवर चाले, तत्त्वज्ञानावर तर फारच चाले. एका मुलाने त्याचं पंचवीस मिनिटं उत्तर दिलं आणि शेवटी डोळे पुसले. पेपर मामा ऐकत होते का? छे. ऐकायची गरजच नव्हती, इतका तो प्रश्न पक्का होता.

मग त्यांची स्वतःची लेक त्याच शाखेत प्रबंध लिहायला लागली, आणि गंमत संपली.

लेकीचा एक पेपर परगावी होऊन गेला होता. दुसरा इथे वाचायचा होता, वर्षातल्या शेवटच्या सभेत. प्रबंध द्यायला तीन महिने उरले होते. ही सभा हुकली की मुदत टळणार, नाव कमी होणार आणि सहा वर्षं पाण्यात. हे घरात तिघांनाही पाठ होतं.

आदल्या दिवशी ती म्हणाली, “बाबा, एक सांगू? उद्या तुमचा तो प्रश्न नको.”

“का?”

“मुलं हसतात. तुम्हाला दिसत नाही, पण हसतात. आणि माझ्या पेपरला माझ्याच बापाने विचारला, तर मला तिथे उभं राहवणार नाही. मैत्रिणीला सांगून ठेवलंय, ती विचारेल.”

मुलं हसतात हे मामांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाईट वाटलं. ते म्हणाले, “नाही विचारणार. कानाला खडा.” आणि चपला पुसत बसले, ज्या सकाळीच पुसून झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी नऊ माणसं आली. मैत्रीण नव्हती. तिला ताप भरला होता. अध्यक्षपदी बाहेरून बोलावलेल्या एक प्राध्यापक बाई होत्या. त्या घड्याळ काढून टेबलावर ठेवणाऱ्यांपैकी होत्या.

लेक उभी राहिली. विषय असा, की शंभर वर्षांपूर्वी एका गिरणीतल्या बायकांनी पाण्याच्या नळासाठी अर्ज केला होता. त्याखाली दोनशे बारा सह्या. त्या काळच्या कामकरी बायकांना लिहिता येत नव्हतं असं सगळे म्हणतात. या सह्या बघा, त्यांना येत होतं, असं लेकीचं म्हणणं. तिने पडद्यावर सह्या दाखवल्या, अक्षरं हातभर मोठी करून.

मामांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा एक अख्खा पेपर ऐकला. आधी लेक कुठे अडखळते का म्हणून ऐकत होते. मग नुसतेच ऐकायला लागले. सह्या आल्या तेव्हा चष्मा पुसून पुढे सरकले. आणि एकेका नावाचं शेवटचं अक्षर बघू लागले. चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

पेपर संपला. बाई म्हणाल्या, “प्रश्न?”

मंडळाच्या सेक्रेटरीने छताकडे पाहिलं. त्याचा विषय व्याकरण होता, गिरणीचं त्याला काय.

“एक मिनिट थांबू,” बाई म्हणाल्या आणि घड्याळाकडे बघू लागल्या.

लेकीने कागद जुळवले, पुन्हा जुळवले. मामांनी हात वर केला. पुढच्या रांगेत दोघं आधीच हसायला लागले. लेकीने मान खाली घातली.

खरं सांगायचं तर नेहमीचाच प्रश्न तोंडाशी आला होता. पण शब्द दिला होता. आणि समोर त्या सह्या होत्या.

“या सगळ्या सह्या,” मामा म्हणाले, “एकदोघांनीच बसून केल्या असतील तर?”

हसणं थांबलं. लेकीने पडद्याकडे पाहिलं.

“मी ते तपासलेलं नाही,” ती म्हणाली.

बाईंनी ते लिहून घेतलं. पेपर धरला गेला. फक्त त्यात जे म्हटलं होतं ते आता उभं राहत नव्हतं.

घरी दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी रविवार होता, आणि सकाळी लेकीची आई म्हणाली, “अहो, लोकांच्या मुलांना बावीस वर्षं सोपा प्रश्न घातलात. आणि घरच्या पोरीलाच हा?”

मामा उठले, सभागृहाची किल्ली घेतली आणि तासाभराने रजिस्टर घेऊन परत आले. ते लेकीपुढे ठेवलं.

“हे बघ. शुक्रवारची सभा. माणसं किती होती?”

“नऊ.”

“सह्या?”

तिने मोजल्या. पंधरा. तिने मागची पानं उलटली, मग आणखी मागची. “बाबा, हे सगळं तुम्ही?”

“नऊच्या पुढचं मी. कधी सातच्या पुढचं. आता तुझा अर्ज काढ.”

तिने अर्जाचे फोटो आणून पसरले. मामांनी बोट ठेवलं. “खोटी सही करताना पहिली तीन नावं जमतात. चौथ्याला हात दमतो आणि आपलं वळण परत येतं. म्हणून मी तीन झाली की उठतो, खिडक्या लावून येतो, मग पुढची. हा बाबा उठला नाही. बघ, दर चौथ्या नावाला शेवटच्या अक्षराची शेपटी तीच.”

जेवणाची वेळ टळून गेली. ताटं झाकून आईही येऊन बसली, आणि सह्या करणारा तिसरा हात तिनेच शोधला. दोनशे बारा सह्या, तीन हात.

लेक मागे टेकली. “म्हणजे बायका खोट्या?”

“बायका खऱ्याच असतील गं. रजिस्टरातली मुलंही खरीच आहेत. त्या दिवशी आली नव्हती, इतकंच.”

“पण तुम्ही कशाला करत होता?”

मामांनी विचार केला. हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. “पोरं वर्षवर्ष खपून लिहितात. सहा माणसं कमी आली म्हणून ते वाया घालवायचं? मला नाही बघवत.”

लेकीने पेन उचललं, तेव्हा ते घाईने म्हणाले, “रजिस्टरचं कुठे घालू नकोस. माझी दोन वर्षं राहिलीत.”

तिने नाही घातलं. पण प्रकरण फिरवून लिहिलं: दोनशे बारा बायकांसाठी सह्या करणारे ते तिघं कोण, आणि नळ यावा असं त्यांना का वाटलं असेल. प्रबंध शेवटच्या दिवशी दुपारी, कचेरीची खिडकी बंद व्हायच्या जरा आधी, आत गेला.

नव्या वर्षाच्या पहिल्या सभेला अकरा माणसं आली, त्यांत लेकही होती. पेपर पुलांवरच्या शिलालेखांचा होता. संपल्यावर कुणी काही बोलेना, तेव्हा तिने खांबाजवळ बसलेल्या मामांकडे वळून पाहिलं आणि मान डोलावली. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. दोघं हसले. या वेळी मामांना ते दिसलं, आणि फारसं काही वाटलं नाही.

सगळे गेल्यावर ते पेन घेऊन रजिस्टरपाशी आले. चार सह्या करायच्या होत्या. पण पंधरा झालेल्या होत्या.

त्यांनी चष्मा लावला. बारावी झकास होती. तेरावी, चौदावी, कुणाच्या बापाला ओळखू येणार नाही अशा. पंधराव्या नावाचं शेवटचं अक्षर मात्र वर ओढलेलं होतं, लेक पहिलीत पाटीवर ओढायची तसंच. पोरगी खिडक्या लावायला उठली नव्हती.

मामांनी रजिस्टर मिटलं आणि खिडक्या लावल्या.