भालेरावांचं न कोमेजणारं फूल

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत राहायला आलो त्याच आठवड्यात मी गच्चीवर गेलो, तर एक उंच गृहस्थ कुंडीतल्या मातीत बोट खुपसून, डोळे मिटून बसले होते. नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे. मी खाकरलो. डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "पाणी घालायला आलात?"

"नाही."

"मग या. आपलं जमेल."

हे भालेराव. नागपूरकडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. "नोकरीभर लोकांना पाणी दिलं," ते म्हणत, "आता न द्यायला शिकतोय. हे जास्त अवघड." त्यांना हे शिकवणारं झाड म्हणजे स्ट्रॉफ्लॉवर. डेझीसारखं पिवळंजर्द फूल, पाकळ्या कागदासारख्या कुरकुरीत, आणि नीट वाळवलं तर महिनोन्‌महिने तसंच.

त्याची लागवड त्यांना विचारावी लागत नसे, जिन्यात गाठून सांगत. पाऊस ओसरला की पेरायचं. मातीत भरपूर वाळू. बी नुसतं वर भुरभुरायचं, मातीने झाकायचं नाही. "ते उजेड बघून उठतं. आमच्या चिरंजीवांसारखं नाही." ऊन दिवसभर हवं. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे फुटवे येतात. आणि वरची माती कोरडी झाल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही.

पहिल्या वर्षी घात केला तो तिसऱ्या मजल्यावरच्या आपट्यांनी. रोज सकाळी ते सूर्याला अर्घ्य देत, आणि तांब्या नेमका या कुंड्यांवर रिकामा करत. "कोरडी पडली होती हो बिचारी!" मुळं कुजली. भालेराव आवाज न चढवता म्हणाले, "आपटे, खात्यात असतो तर तुम्हाला एक कालवा दिला असता. पण सूर्याचं पाणी सूर्याला पोचू द्या. मधे माझी कुंडी आडवी येतेय."

पुढच्या हिवाळ्यात फुलं आली. ती अर्धी उमलली असतानाच कापून, जुडी बांधून, सावलीत उलटी टांगून त्यांनी वाळवली. हा सगळा खटाटोप बायकोसाठी, शोभावहिनींसाठी होता. वहिनी रोज बुद्धमूर्तीसमोर ताजी फुलं वाहून वंदना म्हणत आणि दुखऱ्या गुडघ्यांनी बसने मंडईत जाऊन ती फुलं आणत. ती दगदग भालेरावांना थांबवायची होती. मला प्रेक्षक म्हणून बोलावून त्यांनी थाटात जुडी पुढे केली.

"अहो, हे कोमेजतं का?" वहिनींनी विचारलं.

"अजिबात नाही!"

"मग नको."

माझा चेहरा बघून वहिनींनी मला समजावलं, "फूल वाहताना आम्ही म्हणतो, हे जसं कोमेजतं तसाच हा देहही जाणार. हे असलं फूल ठेवून मी ते कुठल्या तोंडाने म्हणू?"

भालेराव हरणारे नव्हते. वर्षभराने त्यांनी तीच जुडी, आता रंग उडालेली, पुन्हा आणली. "बघ, कोमेजलं."

वहिनींनी चष्मा लावून पाहिलं. "कोमेजलं नाही. जुनं झालंय."

"मीही जुना झालोय. मला ठेवतेस ना घरात?"

"घरात ठेवते. मूर्तीपुढे नाही."

जुडी फ्रीजवर गेली. मग दर हिवाळ्यात नवी जुडी, नवा अर्ज, तोच निकाल. मी तर तिकीट काढल्यासारखा हजर असायचो.

या जानेवारीत भालेराव अचानक गेले. सगळं आटोपल्यावर मी गच्चीवर गेलो. फुलं अर्धी उमललेली होती. थांबलो असतो तर पूर्ण उमलून वाया गेली असती, म्हणून कापली आणि माझ्या बाल्कनीत उलटी टांगली. वाळल्यावर वहिनींना नेऊन दिली. फ्रीजवर जागा करायला म्हणून मी हात पुढे केला, तर त्यांनी जुडी माझ्याकडून घेतली आणि सरळ मूर्तीपुढे ठेवली.

मला राहवेना. "वहिनी, ही कोमेजत नाहीत."

"माहितीये," हात जोडत त्या म्हणाल्या. "आता ती ओळ कळायला मला फुलाकडे बघावं लागत नाही."