एक धडा मागे

"हो सर!"

आमच्या अभ्यासिकेत हा आवाज पहिल्यांदा घुमला, तेव्हा चाळीस माना एकदम वर झाल्या. अभ्यासिका तुम्ही पाहिली असेल. लाकडी फळ्यांनी पाडलेले खण, प्रत्येक खणात एक खुर्ची आणि एक दिवा, आणि भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी. ती शांतता राखण्याचं काम माझं. शाळेतल्या कारकुनीतून निवृत्त झाल्यापासून नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका गल्लीतल्या या अभ्यासिकेत मी सकाळी आठ ते चार बसते. कुणाचा मोबाईल नुसता थरथरला तरी मी चष्म्यावरून बघते, आणि इथे तर कुणी चक्क ओरडलं होतं.

आवाज खिडकीजवळच्या खणातून आला होता. पांढरे केस, इस्त्रीचा आकाशी शर्ट, कानांवर मोठे हेडफोन, समोर टॅब. मी जाऊन टेबलावर बोटाने टकटक केली.

"भाऊ, इथे बोलायचं नसतं."

"सर विचारत होते, समजलं का म्हणून," ते हेडफोन काढत म्हणाले.

"अहो, ते आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं असतं. त्यांना ऐकू जात नाही."

"ते ठाऊक हाय मला ताई. पण माणूस विचारतंय, तर गप कसं बसायचं?"

मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं आणि जागेवर परत आले.

सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं लेथ चालवली होती. त्या खडखडाटात कान गेले होते, त्यामुळे आपण हळू बोलतोय असं वाटत असतानाही ते जिना ओलांडून ऐकू जायचे. मूळ गाव इगतपुरीच्या अलीकडचं, वडील रेल्वेत गँगमन, घाटातले रूळ सांभाळणारे. आमच्याकडे बसणारी पोरं सगळी सरकारी भरतीच्या मागे लागलेली. त्यात हा साठीला टेकलेला गृहस्थ बिझनेस स्कूलच्या प्रवेश परीक्षेचा ऑनलाईन कोर्स बघत बसायचा. पोरांनी चेष्टा केली नसती तरच नवल.

"काका, मॅनेजर होऊन आम्हाला नोकरी देणार का?"

"मी कसला होतोय? पोरगी होणार. मी तिच्या एक धडा मागं असतो."

ही 'एक धडा मागे'ची भानगड मला चहाच्या वेळी कळली. मुलगी पुण्यात नोकरीला होती. आई पाच वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून बापलेकीत दुपारी दीडला, तिच्या सुट्टीत, फोन व्हायचा. त्यांनी तो फोन मला जसाच्या तसा करून दाखवला.

"मी म्हणायचो, बरी हाय ना? ती म्हणायची, हो. मग ती विचारायची, पाऊस आहे का तिकडे? मी म्हणायचो, हाय. मग दोघं गप. मग ती म्हणायची, ठेवू का? तिची आई बोलायची सगळं. आमी दोघं नुसते शेजारी बसून ऐकणारे."

मग मुलीने नोकरी सांभाळून या परीक्षेचा अभ्यास सुरू केला. ती घरी आली असताना त्यांनी विचारलं, काय शिकतेस दाखव तरी. तिने हसत हसत आपलंच खातं त्यांच्या टॅबवर उघडून दिलं. त्या दिवसापासून फोन अर्धा-अर्धा तास चालायला लागला. घरात एकट्याला झोप लागते म्हणून ते अभ्यासिकेत येऊ लागले.

त्यांच्या ऐकण्याच्या अडचणीमुळे फोन कायम स्पीकरवर. दीड वाजला की ते टॅब आणि वही घेऊन जिन्यावर जायचे आणि दार लावलं तरी आम्हाला सगळं ऐकू यायचं. मी एकदाही तक्रार केली नाही. खरं सांगायचं तर मी तेवढ्यासाठी डबा दीडला खायला लागले होते.

"अगं, पुलाची लांबी धरलीस, गाडीची कोण धरणार? आमच्या घाटात बोगद्यातनं शेवटचा डबा भाईर आल्याशिवाय गाडी पार झाली म्हणत नाय कुणी."

"अहो पप्पा, हो की!" तिकडून हसू.

काम आणि काळाच्या गणितांवर तर त्यांचा रागच होता. अ आणि ब मिळून एक काम बारा दिवसांत करतात, हे त्यांना पटायचंच नाही. "आमच्या खात्यातला ब कधी वेळेवर आलाच नाय," ते म्हणायचे. इंग्रजीच्या उताऱ्यांपाशी मात्र ते हात टेकायचे. "लेखकाला काय म्हणायचंय ते मला विचारतात. लेखकाला विचारा ना, तो काय परगावी गेलाय?" आमची भरतीवाली पोरं हळूहळू त्यांच्याकडे गणितं घेऊन जायला लागली. समजावताना आवाज चढायचा, मग मी खाकरायची, मग ते हात जोडायचे. असं दिवसाकाठी तीन-चारदा चालायचं.

खातं एकच असल्याने एक सोय होती. धडा शेवटपर्यंत बघितला की त्याच्यापुढे हिरवी खूण उमटायची, मग तो पुण्यात बघितलेला असो की नाशकात. सकाळी आल्याबरोबर ते आधी खुणा बघायचे आणि मला सांगायचे, "काल दोन केले पोरीनं." किंवा, "काल काय नाय. दमली असंल." तिने जे बघितलं तेवढंच ते बघायचे. पुढचा धडा त्यांनी कधी उघडला नाही. आपली खूण तिथे पडली तर तिच्या अभ्यासात घोटाळा होईल, असं त्यांचं म्हणणं. मला त्या हिरव्या खुणांचं एवढं काय कौतुक ते कळायचं नाही. माझा मुलगा बंगळुरूला असतो. तो किती वाजता उठतो, कधी झोपतो, मला ठाऊक नाही. मग एके दिवशी त्या खुणांचं मोल कळलं.

गणपती झाले आणि खुणा थांबल्या.

पहिले चार दिवस त्यांना विशेष वाटलं नाही. मग आठवडा गेला, मग दुसरा. ते रोज येत होते आणि बघितलेलेच धडे पुन्हा बघत होते. 'हो सर'सुद्धा हळू आवाजात. दुपारी फोनवर मुलगी म्हणायची, "हो, चाललाय अभ्यास," आणि ते म्हणायचे, "चालू दे, चालू दे." मग मागच्याच कुठल्या तरी गणितावर बोलणं. ते रोज थोडं थोडं आखूड व्हायला लागलं.

मला राहवेना. मी त्यांना सरळ म्हटलं, "भाऊ, विचारून टाका ना तिला. सोडला असेल तिने अभ्यास."

"सोडलाय, हे मला कळत नाय काय?" ते म्हणाले. "पण विचारलं तर ती खरं सांगंल. खोटं बोलायची सवय नाय तिला. आणि एकदा तिनं खरं सांगितलं की मग दीड वाजता बोलायचं काय ताई? परत पाऊस हाय का?"

दुसऱ्याच्या घरातली गोष्ट सरळ करायला निघणं किती सोपं असतं, याची मला लाज वाटली. त्या दिवशी घरी जाऊन मी मुलाला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता.

दसऱ्याच्या आसपास एके सकाळी त्यांनी पुढचा धडा उघडला. संभाव्यतेचा. अकराच्या सुमाराला त्यापुढे हिरवी खूण उमटली आणि चोरी केल्यासारखे ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "केलं बघा." मी म्हटलं, "बरं केलंत."

दीडला फोन आला.

"पप्पा, ते दोन फाशांचं गणित होतं ना, त्यात सात बेरीज सगळ्यात जास्त वेळा का येते?"

त्यांनी माझ्याकडे दारातून असं बघितलं की मला डबा बाजूला ठेवावा लागला. तिने तो धडा बघितला होता. कधी, कसा, कळेना. पण बघितला होता. मग जिन्यावर फाशांवरून पंचवीस मिनिटं चर्चा झाली. 

त्यानंतर ते रोज एक धडा पुढे जायला लागले. सकाळी त्यांची खूण, दुपारी तिचा प्रश्न. तिच्या स्वतःच्या खुणा काही परत सुरू झाल्या नाहीत. ती अभ्यास करत नव्हती, फक्त बापाने सकाळी जे बघितलं तेवढं बघत होती, हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत असणार. आम्ही त्यावर बोललो नाही. ते पुन्हा जोरात 'हो सर' म्हणायला लागले आणि मी पुन्हा खाकरायला लागले. आता मागे वळून बघताना वाटतं, आमच्या अभ्यासिकेचे ते बरे दिवस होते.

परीक्षेचा रविवार येऊन गेला. सोमवारी फोनवर पेपर कसा गेला हे त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. दोघं घड्याळाच्या काट्यांमधल्या कोनावर बोलले.

नंतरच्या आठवड्यात ते टॅब घेऊन माझ्याकडे आले. पडद्यावर लिहिलं होतं, कोर्सची मुदत दोन दिवसांत संपते. "ताई, वाढवता येती का बघा ना. अजून एकोणीस धडे राहिलेत."

पुढची चूक माझी, हे आधीच सांगते. खाली 'मुदत वाढवा' असं बटण होतं, ते मी दाबलं. पडद्यावर आलं, नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे. नोंदवलेला मोबाईल मुलीचा. साडेअकरा वाजले होते. आम्ही दोघं त्या रिकाम्या सहा चौकटींकडे बघत राहिलो. मिनिटभरात फोन वाजला.

जिन्यावर जायलाही त्यांना सुचलं नाही. माझ्या टेबलाशीच त्यांनी तो घेतला, स्पीकरवर.

"पप्पा, कोर्सचा ओटीपी आलाय. तुम्ही मुदत वाढवताय?"

"नाय म्हणजे... एकोणीस धडे राहिलेत म्हणून."

ती म्हणाली, "पप्पा, मी परीक्षा दिली नाही. गणपतीतच ठरवलं होतं, नाही जमणार."

"हं."

"तुम्ही इतकं मनापासून करत होता. सांगायचं धाडस नाही झालं. दीडपर्यंत तुमचा धडा बघून ठेवायचा म्हणून सुट्टी झाली की मी जागेवरच बसते. सगळे जेवायला जातात. मग तुमच्याशी फोन. मग सुट्टी संपते. माझा डबा तसाच घरी जातो पप्पा. रोज."

चाळीस माना वर झाल्या होत्या. त्या दिवशी मी कुणाकडे चष्म्यावरून बघितलं नाही.

ते उभे होते. टेबलाची कड त्यांनी धरली होती. "अगं, मग आधी सांगायचं नाय का?" ते म्हणाले. "मी काय... मला काय करायचंय त्या गणितांचं? तुझं बोलणं ऐकायला मिळायचं म्हणून..."

"मला वाटलं तुम्हाला आवडतंय," ती म्हणाली. ती रडत होती.

"आवडतं की. पण तुझ्या जेवणापरीस नाय."

फोन कुणी आधी ठेवला, ते मला आठवत नाही. त्यांनी टॅब पिशवीत घातला, वही घातली, हेडफोनची वायर नीट गुंडाळली. भरतीवाल्या पोरांपैकी एकाने, "काका, उद्या ते व्याजाचं गणित," असं काहीतरी म्हटलं. ते "हो, हो" म्हणाले आणि जिना उतरून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. खिडकीजवळचा खण कुणी मागायच्या आत मी त्यावर माझी पर्स नेऊन ठेवली. आठवडाभर ठेवत होते. मग एक मुलगी आली, तिला उजेड हवा होता, तिला तो दिला.

मी फार वाईट दिवस काढले तेव्हा. ते बटण दाबायला नको होतं, असं रोज वाटायचं. त्यांच्यात बोलायला एकच विषय होता आणि तो मी संपवला होता.

दोन महिन्यांनी मी बँकेच्या कामासाठी दुपारी दीडच्या सुमाराला बाहेर पडले होते. गंगापूर रोडवरच्या बसथांब्यावर ते बसलेले दिसले. तोच आकाशी शर्ट, शेजारी भाजीची पिशवी. गुडघ्यावर फोन ठेवलेला होता, स्पीकरवर, आणि ते त्याच्यावर वाकून बसले होते. मी जवळ जाऊन बसले तरी त्यांना कळलं नाही. फोनमधून कुणाचं बोलणं येत नव्हतं. लांबवर माणसांचा कालवा येत होता, खुर्च्या सरकत होत्या, आणि अगदी जवळ स्टीलच्या डब्यावर चमचा लागल्याचा आवाज. मग काही क्षण काही नाही. मग पुन्हा चमचा.

त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. ते हसले आणि इतक्या हळू आवाजात बोलले की मला त्यांच्याकडे झुकावं लागलं.

"जेवतीये," ते म्हणाले.

त्यांची सातपूरची बस आली, थांबली, निघून गेली. ते बसून राहिले.